अर्ध्या सिलिंडरांवर चालणारे इंजिन आणि बदललेला सायलेन्सर : केबिनमधील घुमघुमाटाची कारणे व उपाय

मोटारीचा मूळ सायलेन्सर काढून त्या जागी बाजारात मिळणारा मोकळ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवला की वेग घेताना इंजिनाचा नाद भरदार ऐकू येतो. मात्र महामार्गावर एकसमान वेग धरताच केबिनमध्ये डोके जड करणारा, एका सुरातील घुमघुमाट सुरू होतो. अमेरिकी बनावटीच्या व्ही-८ मोटारींच्या अनेक मालकांचा गेल्या दोन दशकांतील हा अनुभव आहे. वाहनशौकिनांच्या बोलीत या घुमघुमाटाला ‘ड्रोन’ म्हणतात. त्यामागे बहुधा ‘सिलिंडर डिअ‍ॅक्टिव्हेशन’ ही इंधन वाचवणारी यंत्रणा असते. ती बंद केल्यास आवाज निवळतो. परंतु इंधन, वॉरंटी आणि कायदा या तिन्ही बाबतींत त्याची किंमत मोजावी लागू शकते. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या काही मोटारींतही ही यंत्रणा असल्याने हा विषय आता भारतीय ग्राहकांच्याही जवळचा झाला आहे.

यंत्रणा कशासाठी असते

मोठ्या इंजिनाची पूर्ण शक्ती चढावर, ओव्हरटेक करताना किंवा ओझे ओढताना लागते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना त्या शक्तीचा लहानसा अंश पुरतो. अशा वेळी पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि त्या अरुंद वाटेतून हवा खेचण्यातच इंजिनाची काही ऊर्जा खर्ची पडते. निम्मे सिलिंडर बंद ठेवले, तर उरलेल्या सिलिंडरांना तेवढेच काम करण्यासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो. त्यामुळे हवा खेचण्यातील तोटा घटतो व इंधनाची बचत होते.

सिलिंडर बंद करताना त्याचे इंधन तर थांबवले जातेच, शिवाय हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही प्रकारचे वाल्व मिटलेले राहतात. आत कोंडलेला वायू स्प्रिंगप्रमाणे दाबला जातो व पुन्हा फुलतो. त्यामुळे पिस्टन हलत राहूनही फारशी ऊर्जा वाया जात नाही. क्रायस्लरच्या ५.७ लिटर ‘हेमी’ इंजिनात आणि जनरल मोटर्सच्या व्ही-८ इंजिनांत वाल्व हलवणाऱ्या लिफ्टरमधील खिट्टी ऑइलच्या दाबाने सुटते. फोक्सवॅगनच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात कॅमशाफ्टवरील बाही बाजूला सरकते. पद्धती निराळ्या असल्या तरी उद्देश एकच असतो.

आवाज का बदलतो

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ३० फेरे होतात. आठही सिलिंडर चालू असताना एका फेऱ्यात चार, म्हणजे सेकंदाला १२० ठोके एक्झॉस्टच्या नळीत पडतात. चार सिलिंडर बंद होताच हे ठोके ६० वर येतात. वेग तोच आणि इंजिनाचे फेरेही तेच; परंतु आवाजाचा मुख्य सूर १२० हर्ट्झवरून थेट ६० हर्ट्झवर, म्हणजे एका सप्तकाने खाली उतरतो. शिवाय प्रत्येक चालू सिलिंडर अधिक भार उचलत असल्याने त्याचा ठोकाही अधिक जोरकस असतो.

घुमघुमाटाचे दुसरे कारण खुद्द केबिनमध्ये दडलेले आहे. ६० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ५.७ मीटर असते आणि तिचा अर्धा भाग साधारण २.८५ मीटर भरतो. मोटारीच्या बंदिस्त केबिनची लांबी याच्या आसपासच असते. त्यामुळे या पट्ट्यातील सूर समोरची काच आणि मागची बाजू यांच्यामध्ये अनुनादाने फुगतो. घागरीत तोंड घालून विशिष्ट सुरात ‘ऊं’ केल्यावर घागर जशी भरून वाजते, तसाच हा प्रकार होय.

बाजारातील अनेक एक्झॉस्टची रचना सरळ नळीची असते. छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचेच्या किंवा पोलादी तंतूंचे वेष्टन असते. ते वरच्या पट्टीतील कर्कश ध्वनी चांगला शोषून घेते. खालच्या पट्टीतील लांब तरंगांवर मात्र त्याचा प्रभाव थोडाच पडतो. हे तरंग अडवण्याचे काम मूळ सायलेन्सरमधील कप्पे आणि ठरावीक मापाच्या पोकळ्या करीत असतात. नव्या एक्झॉस्टमध्ये त्याच नाहीशा झालेल्या असतात.

साधे ध्वनिमापक यंत्र किंवा मोबाइलवरील अ‍ॅप हा त्रास अनेकदा दाखवत नाही, याचेही कारण आहे. ‘डेसिबल ए’ या प्रचलित मापनात मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या सुरांना कमी वजन दिले जाते. ६३ हर्ट्झला तर सुमारे २६ डेसिबल वजा होतात. त्यामुळे मापकावरचा आकडा सौम्य दिसत असला, तरी दोन तासांच्या प्रवासानंतर चालकाचे डोके मात्र ठणकत असते.

मूळ गाडीत हा त्रास का नसतो

सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा आणि एक्झॉस्ट यांची आखणी कारखान्यात एकत्रच केलेली असते. अर्ध्या सिलिंडरांवर उठणारा नेमका सूर गृहीत धरून सायलेन्सरमधील पोकळ्यांची मापे ठरतात. काही गाड्यांत एक्झॉस्टच्या वाटेत झडपा बसवलेल्या असतात. होंडाने अमेरिकेत २००५ च्या मॉडेलची ‘ओडिसी’ सहा आणि तीन सिलिंडरांवर चालणाऱ्या इंजिनासह आणली, तेव्हा तिला कंपने शोषणारे विद्युत्-नियंत्रित इंजिन माउंट आणि आवाजाच्या विरुद्ध तरंग स्पीकरमधून सोडून तो मारणारी प्रणाली यांची जोड दिली होती. ‘राम १५००’ या पिकअपच्या २०१९ च्या मॉडेलमध्ये हेमी इंजिनाची कंपने मारण्यासाठी चॅसीवर हलत्या वजनाचे नियंत्रित घटक बसवण्यात आले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घुमघुमाट हा सिलिंडर बंद करणाऱ्या यंत्रणेतील बिघाड नव्हे आणि दर वेळी तो नव्या एक्झॉस्टमधील दोषही नसतो. एकमेकांसाठी घडवलेल्या दोन भागांपैकी एक बदलल्याने त्यांचा मेळ सुटलेला असतो. विरुद्ध तरंग सोडणाऱ्या प्रणालीचीही हीच गत होते. तिचे गणित मूळ आवाजावर बेतलेले असल्याने नव्या एक्झॉस्टसोबत ती काही गाड्यांत आवाज घटवण्याऐवजी वाढवते.

कॅडिलॅकचा जुना धडा

ही यंत्रणा बंद करण्याची धडपड नवी नाही. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागाने १९८१ च्या मॉडेलसाठी ‘व्ही-८-६-४’ हे ६ लिटरचे इंजिन आणले. ते गरजेनुसार आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चालत असे. कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु त्या काळातील संगणकीय नियंत्रण तिला पुरे पडले नाही. बदलाच्या वेळी गाडीला हिसके बसत, इंजिन अडखळे. अनेक मालकांनी गॅरेजमध्ये जाऊन या यंत्रणेची तार सोडवून घेतली आणि गाडी कायमची आठ सिलिंडरांवर चालवली. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकने बहुतेक मॉडेलांसाठी दुसरे इंजिन आणले.

वेगवान नियंत्रण-संगणक आल्यानंतर ही कल्पना पुन्हा रुजली. क्रायस्लरने २००४ मध्ये ‘३०० सी’ मोटारीच्या हेमी इंजिनात ती आणली आणि इंधनाच्या वापरात २० टक्क्यांपर्यंत सुधारणा होत असल्याचा दावा केला. २००५ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनेही तिचा पुन्हा अवलंब केला. २०१९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोमध्ये तर सिलिंडर चालू-बंद करण्याचे १७ निरनिराळे क्रम आले. अशा इंजिनात ठोक्यांचा सूर सतत बदलत असल्याने एका सुरासाठी बनवलेला प्रतिबंधक भाग पुरेसा ठरत नाही.

बंद करण्याचे मार्ग

आजच्या गाडीत कॅडिलॅकप्रमाणे तार सोडवून भागत नाही. सोलेनॉइडचा संपर्क तुटल्याचे इंजिनाच्या संगणकाला तत्काळ कळते आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. म्हणून पुढील मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग गाडीतच उपलब्ध असतो. अनेक मॉडेलांत गिअर मॅन्युअल पद्धतीने निवडल्यास किंवा स्पोर्ट मोड लावल्यास सिलिंडर बंद होत नाहीत. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या २०१४ च्या मॉडेलमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स असल्यास ही यंत्रणा केवळ इको मोडमध्येच काम करते. डॉज चॅलेंजरच्या मॅन्युअल गिअरच्या ५.७ लिटर आवृत्तीत ती दिलेलीच नव्हती. या मार्गाला खर्च नाही आणि गाडीत काही बदलही करावा लागत नाही. अडचण एवढीच की दर वेळी गाडी सुरू केल्यावर मोड पुन्हा निवडावा लागतो.

दुसरा मार्ग स्टिअरिंगखालच्या निदान-पोर्टमध्ये लावायच्या उपकरणाचा होय. ते गाडीच्या अंतर्गत जाळ्यावर संदेश पाठवून सिलिंडर बंद होऊ देत नाही. उपकरण काढताच गाडी पूर्ववत होते. मात्र गाडी बरेच दिवस उभी असल्यास ते बॅटरी उतरवू शकते. शिवाय गाडीच्या नियंत्रण-जाळ्याशी अनोळखी बनावटीचे उपकरण कायम जोडून ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट नाही.

तिसरा मार्ग ईसीयूची आज्ञावली बदलण्याचा, म्हणजे रिमॅप करण्याचा आहे. त्यात ही सुविधा मुळातूनच बंद करता येते. ज्यांनी एक्झॉस्टसोबत इनटेक किंवा कॅमशाफ्टही बदलला आहे, ते सहसा हा मार्ग निवडतात. मूळ आज्ञावली पुन्हा भरली, तरी बदलाची खूण संगणकात राहू शकते आणि वॉरंटीच्या दाव्याच्या वेळी ती पुढे येते.

होंडाच्या व्ही-६ गाड्यांसाठी एक निराळी युक्ती प्रचलित आहे. कूलंटचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या तारेत रोधक जोडून इंजिन अजून पुरेसे तापलेले नाही, असा संगणकाचा समज करून दिला जातो. थंड इंजिनात सिलिंडर बंद होत नसल्याने हेतू साधतो. परंतु इंजिन खरोखर प्रमाणाबाहेर तापल्यास संगणकापर्यंत चुकीचे तापमान पोहोचण्याचा धोका उरतो.

शेवटचा मार्ग यांत्रिक आहे. खास लिफ्टर आणि त्यांना साजेसा कॅमशाफ्ट काढून साधे भाग बसवले जातात व ईसीयूही बदलला जातो. इंजिन खोलावे लागत असल्याने केवळ आवाजासाठी हा खर्च क्वचितच परवडतो. लिफ्टर नादुरुस्त झाल्यामुळे इंजिन उघडावेच लागले, तरच त्याचा विचार होतो. लिफ्टर झिजू नयेत म्हणून अनेक मालक आज्ञावलीतून यंत्रणा बंद करतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. मात्र तसे केल्याने लिफ्टरमधील खिट्टीची नाजूक रचना तशीच राहते आणि आधी झालेली झीज भरून येत नाही.

यंत्रणा चालू ठेवून उपाय

सिलिंडर बंद करणारी यंत्रणा तशीच ठेवून एक्झॉस्ट दुरुस्त करणे हा अनेकदा अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो. मुख्य नळीला एका टोकाने बंद असलेली फांदी जोडली, तर तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा सूर ती मारते. हवेतील ध्वनीच्या वेगाने हिशेब केल्यास १२० हर्ट्झसाठी सुमारे ७१ सेंटिमीटरची फांदी लागते. ६० हर्ट्झसाठी मात्र ती १.४३ मीटरची हवी. तप्त वायूत ध्वनी अधिक वेगाने जात असल्याने प्रत्यक्षात ही लांबी आणखी वाढते. गाडीच्या तळाशी एवढी जागा सहज मिळत नाही. आठ सिलिंडरांचा सूर दाबणारा एक्झॉस्ट चार सिलिंडरांवर का घुमतो, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

यासाठी कप्प्यांचा मफलर, जास्तीचा रेझोनेटर किंवा झडपांचा एक्झॉस्ट हे पर्याय असतात. एक्झॉस्ट विकत घेण्यापूर्वीच तो सिलिंडर बंद होणाऱ्या इंजिनासाठी तपासलेला आहे काय, हे उत्पादकाला विचारून घेतल्यास पुढचा बराच खर्च टळतो.

वॉरंटी आणि अमेरिकी कायदा

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाल्याचे दाखवावे लागते. मात्र सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा हा उत्सर्जन-प्रमाणपत्र मिळालेल्या इंजिन-नियंत्रणाचा भाग असतो. उत्सर्जन-नियंत्रण निष्प्रभ करणाऱ्या छेडछाडीस तेथील स्वच्छ हवा कायदा मनाई करतो. कॅलिफोर्नियात तर धूर-तपासणीच्या वेळी जुलै २०२१ पासून गाडीतील बदललेली आज्ञावलीही तपासली जाते.

भारतातील स्थिती

स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या २०२१ मध्ये, तर स्लाव्हिया आणि व्हर्टस या २०२२ मध्ये भारतीय बाजारात आल्या. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाड्यांच्या १.५ लिटर टीएसआय इंजिनात हलक्या भारावर दुसरा व तिसरा सिलिंडर बंद होतो. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये युरोपात १.४ लिटर इंजिनासाठी ही यंत्रणा आणली, तेव्हा सिलिंडर बदलाला १३ ते ३६ मिलिसेकंद लागतात आणि युरोपीय चाचणीत १०० किलोमीटरमागे ०.४ लिटर इंधन वाचते, असे कंपनीने सांगितले होते. हाच दर धरला, तर वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ६० लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०० रुपये धरल्यास ही रक्कम ६,००० रुपये होते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या वाहतुकीत बचत कमी आणि महामार्गावर अधिक असणे स्वाभाविक आहे.

या इंजिनात १,८०० फेऱ्यांवर सूर ६० वरून ३० हर्ट्झवर येतो. तो कानाला ऐकू येण्यापेक्षा आसनातून व स्टिअरिंगमधून अधिक जाणवतो. ३,००० फेऱ्यांवर मात्र तोच सूर ५० हर्ट्झ होतो आणि बदललेल्या सायलेन्सरमधून केबिनमध्ये घुमू शकतो.

भारतात प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात याच तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. रस्ता सुरक्षा, ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाहन परवानाही तीन महिने गमवावा लागू शकतो. ईसीयूतील बदल डोळ्यांना दिसत नसला, तरी भारत स्टेज-६ मानकांनुसार प्रमाणित झालेल्या इंजिनाच्या नियंत्रणात तो हस्तक्षेपच ठरतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, हे वेगळेच.

निर्णयापूर्वीची तपासणी

यंत्रणा बंद करण्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी रिकाम्या, सपाट रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेतील स्थिर वेग धरावा आणि घुमघुमाट कोणत्या फेऱ्यांवर येतो ते सोबत बसलेल्या व्यक्तीने टिपून घ्यावे. त्यानंतर सिलिंडर बंद होऊ न देणारा मोड लावून गिअर, वेग आणि फेरे तेच राखावेत. आवाज नाहीसा झाल्यास कारण अर्ध्या सिलिंडरांचे आहे. तो तसाच राहिल्यास यंत्रणा बंद करून काहीही हाती लागणार नाही. एक्झॉस्टचा रबरी हँगर, तळाला टेकणारी नळी किंवा मफलर यांकडे पाहावे लागेल.

कारण अर्ध्या सिलिंडरांचेच निघाले, तर प्रथम गाडीतील मोड, नंतर रेझोनेटर किंवा मूळ सायलेन्सर आणि सर्वांत शेवटी आज्ञावलीतील बदल, असा क्रम ठेवणे हिताचे ठरते. पहिल्या दोन टप्प्यांतून माघार घेता येते. तिसऱ्याची नोंद मात्र गाडीत मागे राहू शकते. भारतातील मालकासाठी तर कारखान्यातून आलेला सायलेन्सर पुन्हा बसवणे हाच आवाज आणि कायदा या दोन्ही अडचणी एकाच वेळी मिटवणारा उपाय आहे. म्हणूनच एक्झॉस्ट बदलताना काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात न देता जपून ठेवावा.